खेळ तोच, मैदान दुसरे

२००० सालच्या जुलै महिन्याची गोष्ट. सोमवार ते गुरुवार रात्रीचे नऊ वाजले की आमच्या मोहल्ल्यातला चौक ओस पडायचा. ईशाची नमाज अदा करून मशिदीच्या पायऱ्यांवर गप्पा मारत बसणारी मंडळीही पायात चपला सरकवून घाईने घरची वाट धरायची. ज्यांच्या घरी केबल नव्हती ते शेजाऱ्याच्या दारात उभे राहायचे. ३ जुलैला स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाला होता. ऑक्टोबरात मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे या तरुणाने एक कोटी रुपये जिंकले आणि मग तर ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय झाला. त्या हिवाळ्यात महाराष्ट्रातले एकही स्नेहसंमेलन असे नसेल की जिथे कुणी भारदस्त आवाजात 'लॉक किया जाए?' असे विचारले नाही. आम्ही तरी मागे का राहावे?

जानेवारी २००१ मध्ये ईद-मिलनाच्या कार्यक्रमात आम्ही मोहल्ल्यातल्या पोरांनी तोच खेळ उर्दू शाळेच्या पटांगणात उभा केला. उभा केला म्हणजे अगदी हुबेहूब! सलूनमधल्या दोन उंच खुर्च्या समोरासमोर मांडल्या. मांडववाल्याकडून दोन फिरते दिवे आणले. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून त्या काळजाचा ठोका चुकवणाऱ्या संगीताची कॅसेट भरली. आमच्यातला एक जण बँकेत कारकून होता, त्याने महिनाभर आधीपासून हनुवटीवर दाढी राखली. 'कंप्यूटरजी' म्हणून एक पोरगा चादरीमागे बसवला; पुकारा झाला की त्याने पुठ्ठ्यावर लिहिलेला प्रश्न वर करायचा. मित्राला फोन लावायची सोय म्हणून समोरच्या मेडिकलवाल्याचा कॉर्डलेस मागून आणला. राहता राहिली प्रेक्षकांची मदत. टीव्हीवर प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात बटणांचे यंत्र असते. ते आम्ही कुठून आणणार? आम्ही ठरवले, प्रेक्षकांनी हात वर करायचे. एवढ्याशा फरकाने काय बिघडते?

बिघडले ते असे. उर्दू शाळेत आठवीत शिकणारी एक मुलगी पाच प्रश्नांची उत्तरे देऊन पुढे आली होती. सहावा प्रश्न आला : मराठीतले पहिले वृत्तपत्र कोणते? पर्याय चार होते : केसरी, दर्पण, ज्ञानप्रकाश, दीनबंधू. मुलगी घुटमळली आणि तिने प्रेक्षकांची मदत मागितली. निवेदकाने पहिला पर्याय उच्चारला, 'केसरी'. पहिल्या रांगेत बसलेल्या एका बुजुर्ग गृहस्थांनी हात वर केला. त्यांना सारा गाव मानत असे. त्यांचा हात वर गेलेला पाहताच त्यांच्या शेजारच्यांचे हात वर गेले, मग दुसऱ्या रांगेचे, मग मागच्या पोरांचे. 'दर्पण'ला मोजून चार हात आले. मुलीने 'केसरी' म्हटले. उत्तर चुकले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२चे आणि 'केसरी' १८८१चा, हे आमच्या हातातल्या कागदावर लिहिलेले होते. खाली उतरताना ती आमच्यातल्या एकाला हळूच म्हणाली, "मला दर्पणच येत होतं. पण एवढी मोठी माणसं चुकतील का?"

तो प्रश्न आमच्या मनात आजही रुतून बसलेला आहे. आम्ही खुर्च्यांची नक्कल केली, दिव्यांची केली, दाढीचीसुद्धा केली. जी एक गोष्ट सोडून चालणार नव्हती तीच नेमकी सोडून दिली, आणि सोडताना आपण काही सोडतो आहोत याची जाणीवही आम्हाला नव्हती. एखादा खेळ एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी, जिवंत माणसांसमोर मांडायचा असेल तर त्यातले काय जसेच्या तसे ठेवावे आणि कशात मोकळीक घ्यावी? वरवर हा प्रश्न करमणुकीचा वाटतो. पण याचा एक इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपल्या लोकांचाही मोठा वाटा आहे. तो आठवून पाहावा म्हणून हा लेखप्रपंच.

सवाल-जवाबाचा खेळ आपल्याकडे काही टीव्हीने आणलेला नाही. कलगी-तुऱ्याचे फड महाराष्ट्राला परिचयाचे आहेत. तुरेवाले शिव श्रेष्ठ म्हणणार, कलगीवाले शक्ती श्रेष्ठ म्हणणार. एका बाजूच्या शाहिराने डफावर थाप देऊन कोडे घालायचे आणि दुसऱ्याने ते तिथल्या तिथे, कवनातूनच उकलायचे. या दोन पंथांची सुरुवात चंदेरीच्या दरबारात तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर यांच्यापासून झाली, असे परंपरा सांगते. एकाला तुरा मिळाला, दुसऱ्याला कलगी. दंतकथेचा भाग सोडून दिला तरी फडावरचा हा मुकाबला आरंभापासून गोसाव्याचा आणि फकिराचा मानला गेला, ही गोष्ट लहान नाही. पेशवाईच्या उत्तरार्धात गाजलेले शाहीर सगनभाऊ जातीने शिकलगार, म्हणजे आपलेच. या फडांना लेखी नियम नव्हते, पंच नव्हते. तरीही एक अट सगळे पाळत : सवाल ऐकल्यावर जवाब तिथेच सुचला पाहिजे. घरून घोकून आणलेले उत्तर जाणकार श्रोता ओळखत असे.

हाच सवाल-जवाब पुढे तमाशाच्या थिएटरात गेला आणि तिथून पडद्यावर आला. १९६४ मधल्या अनंत माने यांच्या 'सवाल माझा ऐका!' या चित्रपटाच्या तर नावातच सवाल आहे. पडद्यावर सवालही आधी लिहिलेला असतो आणि जवाबही. म्हणजे फडावरची मुख्य अटच मोडलेली असते. पण त्याबद्दल कुणाही प्रेक्षकाने फसवले गेल्याची तक्रार केली नाही. कारण उघड आहे. आपण चित्रपट पाहतो आहोत हे तिकीट काढतानाच त्याला ठाऊक होते. मोकळीक घेतली होती, पण ती चोरून घेतली नव्हती. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता रेडिओकडे वळू. १९५२ साली आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळपास दार बंद केले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे इंग्रजी गाण्यांचा 'बिनाका हिट परेड' आधीपासून लोकप्रिय होता. त्याच धर्तीवर हिंदी कार्यक्रम करायचे ठरले आणि ३ डिसेंबर १९५२ला एकोणीस वर्षांच्या अमीन सयानींच्या आवाजात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गीतमाला आरंभी चक्क एक खेळ होती, हे आज फार थोड्यांना आठवत असेल. सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजवली जात आणि श्रोत्यांनी ती लोकप्रियतेच्या क्रमाने लावून पाठवायची. बक्षीस होते शंभर रुपयांचे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रे तपासायची कुणी? शेवटी १९५४ मध्ये स्पर्धा बंद करून गाण्यांची क्रमवारी तेवढी सांगायची असे ठरले. खेळ गेला, माळ राहिली. ती पुढे अनेक दशके टिकली.

मूळ कार्यक्रमात एवढी मोठी मोकळीक घेऊनही गीतमाला लोकांना परकी का वाटली नाही? आमच्या मते याचे उत्तर सयानींच्या घरात आहे. त्यांच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' नावाचे पाक्षिक चालवीत. गांधीजींच्या सांगण्यावरून निघालेले हे पाक्षिक नवसाक्षरांसाठी होते. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. पण ती छापली जायची देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. लहानपणी अमीन या कामात आईला मदत करीत. मजकूर तोच ठेवून वाचणाऱ्याच्या लिपीत तो पोहोचवायचा, हा धडा त्यांना घरीच मिळाला होता. इंग्रजी कार्यक्रमाचा साचा हिंदुस्थानीत ओतताना त्यांनी 'बहनों और भाइयों' अशी साद घातली आणि तो साचा कुठून आला हे विचारायचे कुणाला भानच राहिले नाही. २० फेब्रुवारी २०२४ला ते गेले तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या चाचांनी जुना मर्फी कपाटातून काढून पुसून ठेवला. तो वाजत नाही, तरी पुसला.

त्यांचे थोरले बंधू हमीद सयानी यांनी उलट दिशेचा प्रवास केला. 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' आधी शहराशहरांत मंचावर, शाळकरी मुलांच्या समोर होत असे. १९७२ मध्ये तो रेडिओवर आला. १९७५ मध्ये हमीद सयानी वारले आणि अमीन सयानींनी तो पुढे चालवला. १९९२ मध्ये तो टीव्हीवर गेला, डेरेक ओब्रायन यांच्या सूत्रसंचालनाखाली. मंच, रेडिओ, टीव्ही अशी तीन मैदाने या खेळाने पाहिली. प्रत्येक ठिकाणी काही ना काही बदलले. पण दोन शाळांच्या मुलांना समान संधी आणि प्रश्नाला ठरलेला वेळ, ही चौकट तीच राहिली. शाळकरी मुलांसमोर अन्याय करून निभावून नेता येत नाही. मोठी माणसे भीडेने गप्प बसतात, मुले तिथल्या तिथे ओरडतात.

आमच्या घरांत आणखी एक खेळ चालत आला आहे. बैतबाजी. एका बाजूने शेर म्हणायचा आणि तो ज्या अक्षरावर संपेल त्या अक्षराने सुरू होणारा शेर दुसऱ्या बाजूने म्हणायचा. आपल्या उर्दू शाळांत तिचे मुकाबले आजही होतात. मराठी घरांत याच तत्त्वावर गाण्यांच्या भेंड्या लावल्या जातात आणि हिंदीत तिलाच अंताक्षरी म्हणतात. या खेळात नियम आणि सवलत यांचे नाते फार सुंदर दिसते. उर्दूत 'ड़े' या अक्षराने शब्द सुरूच होत नाही, मग शेर त्यावर संपला तर पुढच्याने काय करावे? मराठीत 'ळ'ची तीच अडचण. मग बसलेल्यांच्या संमतीने 'ळ'चा 'ल' करून घेतात, 'ण'चा 'न' करतात. खेळ अडू नये म्हणून घेतलेली ही मोकळीक आहे. ती दोन्ही बाजूंना सारखीच मिळते आणि खेळ सुरू होण्याआधी जाहीर होते, म्हणून तिच्यावरून कधी भांडण होत नाही. भांडण होते ते मध्येच कुणी स्वतःपुरती सवलत काढली की.

१९९३ मध्ये झी टीव्हीवर 'क्लोजअप अंताक्षरी' आली. गजेंद्र सिंह यांचे दिग्दर्शन आणि अन्नू कपूर यांचे सूत्रसंचालन. घरातल्या खेळाला त्यांनी दीवाने, परवाने आणि मस्ताने अशा तीन चमूंत बसवले, चित्रे दाखवून गाणे ओळखण्यासारख्या फेऱ्या जोडल्या, वाद्यवृंद दिला. मग गंमत अशी झाली की जो खेळ घरातून टीव्हीवर गेला होता तो टीव्हीचे कपडे घालून परत गल्लीत आला. गणेशोत्सवाच्या मांडवात आणि आमच्या ईद-मिलनात मुले दीवाने-परवाने होऊन बसू लागली. आमच्या आजीला ते पटत नसे. तिचे म्हणणे, अक्षर पकडायचे सोडून चित्रे कसली दाखवता? ती म्हणत होती त्यात तथ्य होते. अक्षराची साखळी तुटली की स्मरणशक्तीचा तो खेळच राहत नाही, नुसता गाण्यांचा कार्यक्रम उरतो.

एवढी पार्श्वभूमी पाहिल्यावर करोडपतीकडे यायला हरकत नाही. त्याचे मूळ ब्रिटनमधले. 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर' हा खेळ ४ सप्टेंबर १९९८ला तिथल्या आयटीव्ही वाहिनीवर सुरू झाला. ख्रिस टॅरंट हे त्याचे सूत्रसंचालक. पंधरा प्रश्न, चार पर्याय, तीन मदती. हा खेळ देशोदेशी विकला गेला तो एका काटेकोर साच्यासकट : गोल रंगमंच, उंच खुर्च्या, वरून खाली उतरणारे दिवे, तेच संगीत. मुंबईच्या फिल्मसिटीत उभा राहिलेला मंच पाहून लंडनच्या माणसालाही ओळख पटावी, अशी ती व्यवस्था होती. मग त्यात आपले काय होते? आपली होती भाषा. तिकडे 'फायनल आन्सर?' असे रोखठोक विचारत. इथे अमिताभ बच्चन यांनी 'लॉक किया जाए?' असे अदबीने विचारले, पडद्यामागच्या यंत्राला 'कंप्यूटरजी' म्हणून मान दिला आणि गावाकडून आलेल्या साध्या माणसाची खुर्ची स्वतः पुढे केली. बक्षिसाची रक्कम आधी एक लाख ठरली होती आणि ती मागाहून एक कोटी झाली, असे त्या वेळच्या वाहिनीच्या प्रमुखांनी पुढे सांगितले आहे. सांगाडा जसाच्या तसा ठेवला आणि बोलणे-चालणे मात्र इथले, अशी ती विभागणी होती. २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांनी आणि २०१९ मध्ये नागराज मंजुळे यांनी हाच खेळ मराठीत आणला, तेव्हाही सांगाड्याला हात लागला नाही.

आता त्या हातांच्या मतदानाकडे परत येऊ. २००४ मध्ये जेम्स सुरोविकी या अमेरिकन लेखकाचे 'द विज्डम ऑफ क्राउड्स' हे पुस्तक निघाले. त्यात त्याने अमेरिकेतल्या मिलियनेअरचे आकडे दिले आहेत. फोनवरच्या हुशार मित्राचे उत्तर शंभरातून सुमारे ६५ वेळा बरोबर निघाले आणि स्टुडिओत सहज येऊन बसलेल्या प्रेक्षकांचे ९१ वेळा. जमाव शहाणा ठरतो, पण त्याला एक अट आहे : प्रत्येकाने स्वतःचे मत स्वतंत्रपणे, दुसऱ्याकडे न पाहता दिले पाहिजे. ज्याला उत्तर येते तो बरोबर बटण दाबतो. ज्यांना येत नाही त्यांची मते चारही पर्यायांत विखुरतात, म्हणून खरे उत्तर वर येते. हातातले ते यंत्र शोभेचे नव्हते. ती गुप्त मतपेटी होती. आम्ही मतपेटी काढून टाकली आणि जमावाला पहिल्या रांगेच्या हवाली केले. ते बुजुर्ग काही वाईट मनाचे नव्हते, त्यांना मनापासून 'केसरी' वाटले होते. चूक त्यांची नव्हती. ती आमच्या मांडणीची होती.

मोकळीक घेताना माणूस किती घसरू शकतो, याची जगजाहीर उदाहरणे आहेत. अमेरिकेत १९५६ मध्ये 'ट्वेंटी-वन' नावाचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम सुरू झाला. निर्मात्यांनी पाहिले की प्रामाणिक खेळ रंगत नाही. म्हणून त्यांनी स्पर्धकांना आधीच उत्तरे द्यायला सुरुवात केली. कुठे अडखळायचे, केव्हा घाम पुसायचा हेही शिकवले. हर्बर्ट स्टेम्पेल याला हरायला सांगितले आणि चार्ल्स व्हॅन डोरेन या देखण्या प्राध्यापकाला जिंकवले. लाखो लोकांनी ते खरे मानून पाहिले. नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने संसदीय समितीसमोर कबुली दिली आणि १९६० मध्ये अशी लबाडी बेकायदा ठरवणारी दुरुस्ती झाली. 'सवाल माझा ऐका!' मध्येही जवाब आधी लिहिलेले होते आणि इथेही होते. एक कला ठरली आणि दुसरी फसवणूक. फरक एवढाच की इथे प्रेक्षकाला सांगितले गेले नव्हते.

ब्रिटनमध्ये मेजर चार्ल्स इंग्रॅम यांनी सप्टेंबर २००१ मध्ये दहा लाख पौंड जिंकले आणि प्रेक्षकांतून येणाऱ्या खोकल्याच्या इशाऱ्यावर ते जिंकले, असा आरोप झाला. २००३ मध्ये ज्युरीने त्यांना, त्यांच्या पत्नीला आणि खोकणाऱ्या स्पर्धकाला दोषी ठरवले. इंग्रॅम दांपत्याने मात्र आपण निर्दोष असल्याचे नेहमीच सांगितले आहे. या प्रकरणावर जेम्स ग्रॅहम यांनी 'क्विझ' हे नाटक लिहिले. ते २०१७ मध्ये चिचेस्टरला आणि २०१८ मध्ये लंडनला रंगमंचावर आले. टीव्हीचा खेळ जिवंत प्रेक्षकांसमोर पुन्हा उभा करण्याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. नाटकात टॅरंटची नक्कल आहे, गमती आहेत, काळ मागेपुढे केलेला आहे. म्हणजे मोकळीक भरपूर. पण एका ठिकाणी नाटककाराने मुळाशी पक्की निष्ठा ठेवली. त्याने प्रेक्षकांच्या हातात मतदानाची यंत्रे दिली. मध्यंतरापूर्वी फिर्यादीची बाजू ऐकवून मत घेतले आणि शेवटी बचावाची बाजू ऐकवून पुन्हा घेतले. एकाच संध्याकाळी आपलेच मत कसे हलते हे प्रेक्षकांना दिसले. जी यंत्रे खेळात उत्तर शोधायला होती तीच इथे इन्साफ कसा होतो ते दाखवायला आली.

पैशाचा मुद्दाही टाळता येत नाही. २००१च्या त्या कार्यक्रमात आम्ही आधी ठरवले होते की प्रत्येक स्पर्धकाकडून दहा रुपये घ्यायचे आणि त्याच रकमेतून विजेत्याला बक्षीस द्यायचे. मशिदीच्या मौलानासाहेबांनी आम्हाला बोलावून घेतले. म्हणाले, पोरांनो, सगळ्यांनी पैसे लावायचे आणि एकाने ते न्यायचे याला किमार म्हणतात, नाव काहीही द्या. बक्षीस स्पर्धेबाहेरच्या कुणी खुशीने दिले तर हरकत नाही. आम्हाला त्या वेळी ते जुनाट वाटले होते. नाइलाजाने फी रद्द केली आणि दुकानदारांकडून वह्या, कंपास, एक भिंतीवरचे घड्याळ अशी बक्षिसे मिळवली. पुढे वाचनात आले की अमेरिकेत 'द प्राइस इज राइट' या टीव्हीवरच्या खेळाचा जो मंचावरचा अवतार गावोगाव फिरतो त्यात स्पर्धक सोडतीने निवडले जातात आणि तिकीट न घेताही नाव नोंदवता येते. नाहीतर तो जुगार ठरेल ही तिथल्या कायद्याची धास्ती. आपल्याकडेही १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात कौशल्याची स्पर्धा आणि नशिबाची स्पर्धा यांच्यात रेषा ओढली आहे. मौलानासाहेबांनी हे निकाल वाचले नव्हते. पण खेळ कुठे संपतो आणि दुसऱ्याच्या खिशात हात कुठे जातो, हे त्यांना पक्के माहीत होते.

आता अलीकडची एक हकिगत. झी मराठीवर २००४ मध्ये आदेश बांदेकर यांचा 'होम मिनिस्टर' सुरू झाला आणि मधल्या विरामांसह २०२२ पर्यंत चालला. भावोजी घरी येणार, वहिनींना बोलते करणार, खेळ घेणार आणि जिंकणारीला पैठणी देणार. त्याच्या पाठोपाठ 'खेळ पैठणीचा' या नावाने वॉर्डावॉर्डात जाहीर कार्यक्रम होऊ लागले. वास्तविक मूळ खेळाचा जीव घरात होता. उंबरठ्याच्या आत, सासू आणि सून शेजारी बसलेल्या, अशात ती गंमत होती. मैदानात शेकडो बायका आल्या तेव्हा उंबरठाच नाहीसा झाला. उरली संगीत खुर्ची, फुगे आणि मागे लावलेला पुढाऱ्याचा फलक. तरीही बायका गर्दी करत, कारण वर्षातून एक संध्याकाळ त्यांना खेळायला मिळत होती.

आमच्या मोहल्ल्यातल्या महिला बचत गटाने असाच खेळ ईद-मिलनाला घ्यायचा ठरवला तेव्हा घराघरांतून वाद झाला. एकीकडे म्हणणे असे की हे आपले नव्हेच, कशाला नक्कल करायची? दुसरीकडे म्हणणे असे की घ्यायचा तर टीव्हीवर दिसतो तसाच घ्या, अर्धवट नको. बायकांनी दोन्ही ऐकून घेतले आणि स्वतःच्या मनाने मांडणी केली. सूत्रसंचालक पुरुष नको, म्हणजे बुरखा घेणाऱ्याही मोकळेपणाने खेळतील. त्यामुळे भावोजींच्या जागी एक शिक्षिका आली आणि सगळ्या तिला आपा म्हणू लागल्या. हळदीकुंकवाचा भाग नव्हता, तिथे अत्तर आणि गुलाबपाणी आले. उखाणा मात्र ठेवला. शीरखुर्म्यातल्या खारकांशी यमक जुळवत, नवऱ्याचे नाव घेताना लाजत, आमच्या खालांनी अस्सल मराठी उखाणे घेतले. तो त्यांना कुणी शिकवायला लागला नाही, कारण तो त्यांच्याकडे आधीपासून होता. बक्षीस म्हणून औरंगाबादी हिमरूची शाल ठेवली. पैठणी परवडत नव्हती हे एक कारण, आणि हिमरू विणणारे हात आपल्या ओळखीचे हे दुसरे.

आणखी एक बदल होता. शेवटच्या फेरीत कुणाचा उखाणा सरस हे प्रेक्षकांनी ठरवायचे होते. सरपंचबाईंच्या सुनेचाही त्यात नंबर होता आणि सरपंचबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आपांनी माइक हातात घेतला आणि सांगितले, "सगळ्यांनी डोळे मिटा. अगदी घट्ट. आता ज्यांना पहिल्या नंबरचा उखाणा आवडला त्यांनी हात वर करा." दोन शिक्षिका हात मोजत फिरल्या. निकाल लागला तेव्हा शाल गेली भांडी घासायला जाणाऱ्या एका तरुण भाभीकडे. सरपंचबाईंनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, हेही सांगितले पाहिजे.

या आपा म्हणजे २००१ मध्ये 'केसरी' म्हणून खाली उतरलेली तीच मुलगी. डी.एड. करून ती आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलताना आम्ही तिला विचारले, डोळे मिटायची कल्पना कुठून सुचली? ती हसली. म्हणाली, "भाई, तुमच्याच कार्यक्रमातून."

एवढे सगळे पाहिल्यावर आम्हाला वाटते ते असे. खेळाचे कपडे बदलावेत, बोली बदलावी, बक्षीस बदलावे, आपल्या घरचे अत्तर त्याला लावावे. त्यावाचून परक्याचा खेळ आपला होत नाही. पण ज्या नियमामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या मताला पहिल्या रांगेइतकीच किंमत येते, तो नियम हलवू नये. हलवावाच लागला तर आधी सगळ्यांना सांगून, सगळ्यांसाठी सारखा हलवावा. शाहिरांनी हे पाळले, भेंड्या लावणाऱ्या आपल्या आज्यांनी पाळले. आम्ही त्या रात्री ते विसरलो आणि त्याची किंमत आठवीतल्या एका मुलीने चुकवली. तिने ती व्याजासह परत केली, हे आमचे नशीब.